आई-वडील राबतात, मी कमावतो, तरी उचल फिटत नाही. यातून बाहेर कसं पडायचं?

बालाघाटचा

नमस्कार मंडळी. मी बीड जिल्ह्यातला, शिरूर कासार तालुक्यातल्या एका वस्तीवरचा. आयटीआय करून चाकणला ठेकेदारामार्फत इलेक्ट्रिशियन म्हणून कामाला आहे. हातात साडेसोळा हजार पडतात. खोली, मेस आणि गावी येणं-जाणं यात निम्मे जातात, उरलेले घरी पाठवतो.

आई-वडील ऊसतोडीला जातात, माझ्या जन्माच्या आधीपासून. दिवाळी झाली की ट्रक भरायचा आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत यायचं. मला कामाला लागून आता काही वर्षं झाली, तरी त्यांचं जाणं थांबलेलं नाही. भावकीत लोक तोंडावर बोलतात, "पोरगं पुण्यात कमावतं आणि आई-बाप उसाच्या फडात." मी रात्री बसून हिशोब मांडला. तो जसाच्या तसा इथं देतो, कारण मला उपदेश नको आहे, वाट पाहिजे.

२०२४-२५ च्या हंगामाला आई-वडिलांच्या जोडीवर, म्हणजे एका कोयत्यावर, मुकादमाकडून (मजुरांची टोळी नेणारा ठेकेदार) एक लाख उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम घेतली. पैकी चाळीस हजार पेरणीच्या वेळी. बी-बियाणं, खत, थोडं जुनं देणं. पोळ्याच्या सुमारास बहिणीच्या बाळंतपणात वीस गेले. राहिलेले निघायच्या आठवड्यात मिळाले, त्यातून आजीला मागं राहायला धान्य भरलं, तिची गोळ्या-औषधं घेतली आणि किराणा दुकानाची उधारी मिटवली. म्हणजे ट्रकमध्ये चढताना हातात काहीच नव्हतं आणि डोक्यावर लाख रुपये होते.

आता फेड बघा. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, टनाला साधारण ३६६ रुपये झाला. दोघं मिळून दिवसाला दीड-दोन टन तोडतात. दोन धरले तरी साडेसातशेच्या आतच. लाख रुपये फेडायला २७३ टन लागतात, म्हणजे रोज दोन टनांनी साडेचार महिने, एकही खाडा न करता. पण त्या वर्षी ऊसच कमी होता, आमचा कारखाना तीन महिन्यांच्या आसपास चालला आणि पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला. दीडशे टन झाले. त्याचे पंचावन्न हजार. मधल्या काळात खायला-प्यायला घेतलेली बारा हजार खर्ची उचलीत मिळवली. बाकी निघाली सत्तावन्न हजार.

वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून जे रोजचे शे-दीडशे सुटतात, त्यात तिथला तेल-मीठ-भाजीपाला भागतो. त्याला शिल्लक म्हणता येणार नाही.

मग पुढच्या वर्षी मुकादम म्हणाला, बाकी वळती करून घेतो, वर त्रेचाळीस देतो. म्हणजे परत लाखाचं काम, पण हातात त्रेचाळीसच. मी आणि दाजींनी मिळून सत्तावन्न हजार उभे करायची तयारी केली. मुकादमाच्या ओट्यावर जाऊन सांगितलं, बाकी घ्या, यंदा आई-वडील येणार नाहीत. तो मला म्हणाला, "पैसे नको बाबा, माणसं दे." त्याने स्वतः कारखान्याकडून आणि वाहतूकदाराकडून टोळीच्या नावावर उचल घेतलेली असते. कोयते कमी पडले तर त्याची मान अडकते. त्याची वही मी त्या दिवशी हातात घेऊन पाहिली. लहान लाल डायरी. वडिलांच्या नावाखाली फक्त दिलेल्या रकमा आहेत, तारखा आहेत. किती टन झाले त्याची एकही ओळ त्यात नाही. ते "कारखान्याच्या कागदावर" असतं म्हणे, आणि तो कागद आमच्या घरात कधी आलेला नाही.

वडील दारू पीत नाहीत. आई पहाटे चारला उठून भाकरी थापते, अंधारात फडात शिरते, दिवसभर मोळ्या बांधते आणि रात्री गाडी आली तर दोन वाजताही मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून चढते. तिला आता मानेचा त्रास आहे. यांच्यापेक्षा जास्त कष्ट कुणी करत असेल तर मला दाखवा. तरी दर मे महिन्यात आम्ही गेल्या मे महिन्यात होतो तिथेच.

धाकटा भाऊ आठवीत आहे. त्याला यंदा सोबत नेतो म्हणतायत, आजीच्यानं आता होत नाही म्हणून. तो एकदा फडात गेला की परत शाळेत बसणार नाही, हे मी आमच्याच वस्तीवर पाहिलंय.

एक वर्ष उचल न घेता कसं काढायचं? ज्यांनी काढलंय त्यांनी सांगा.

---

जिरायती

भाऊ, तुमचा हिशोब वाचला. कष्टाबद्दल शंका नाही. पण मी आष्टीकडचा आहे आणि आमच्याकडे जे दिसतं ते सांगतो. उचल पेरणीला कमी आणि लग्नाला जास्त जाते. पोरीच्या लग्नात दोन-अडीच लाख घालायचे, मांडव, डीजे, भांडी, मग चार हंगाम फेडत बसायचं. दुसरं, सरकारी शेळ्या-कोंबड्या वाटल्या तर वर्षाच्या आत विकून मोकळे होतात. आणि तुम्ही पुण्यात आहात, तर आई-वडिलांना तिकडेच का नेत नाही? सोसायटीत वॉचमन, आई चार घरची कामं, दोघांचे मिळून वीस हजार कुठे गेले नाहीत. कडू वाटेल पण घरातला खर्च आवळल्याशिवाय बाहेरून कुणी काढणार नाही.

---

गटातली ताई

बालाघाटच्या भावा, मी धारूर तालुक्यातली. मालकासोबत कोयता धरून फडात उभी राहिलेली बाई आहे मी, आता गावात उमेदची, म्हणजे सरकारच्या बचत गट अभियानाची, सीआरपी म्हणून गटांना मदत करायचं काम करते. बारा-पंधरा बचत गटांच्या वह्या माझ्या हाताखालून जातात, त्यामुळे कुणाच्या घरात पैसा कोणत्या महिन्यात येतो आणि कोणत्या महिन्यात संपतो हे मला तोंडपाठ आहे. लांब लिहिते, वाचून घे.

जिरायती भाऊंचं लग्नाचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. पण आमच्या वह्यांमध्ये घर खाली बसतं ते बहुतेक दवाखान्यानं. माझ्या जावेचंच सांगते. पोटात दुखतंय म्हणून खासगी दवाखान्यात नेली, डॉक्टरनं गर्भपिशवी काढायला सांगितली, नाहीतर कॅन्सर होईल म्हणाला. वय पस्तिशीच्या आत. पैसे मुकादमाकडून आणले, उचलीतच धरले. फडात पाळी आली तर खाडा होतो, खाडा झाला की दंड कापतात, म्हणून तिलाही वाटलं एकदाची कटकट जाईल. ऑपरेशननंतर पुरती विश्रांती न घेता ती मोळ्या उचलायला गेली. आज तिची कंबर अशी झालीय की ती अर्धा कोयता, म्हणजे एका माणसाच्या कामाचीसुद्धा राहिली नाही. २०१९ साली सरकारी समितीनं आमच्या जिल्ह्यात पाहणी केली तेव्हा ८२ हजारांवर ऊसतोड बायांपैकी १३ हजार ८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. त्या आकड्यात माझी जाव आहे. ज्यांना गरीब माणूस पैसा कुठे घालवतो ते पाहायचंय, त्यांनी तिथं पाहावं.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. तू हिशोब बरोबर मांडलास, पण मला वाटतं कळीची गोष्ट त्यात मध्येच लपून बसलीय. लाख रुपये कधी-कधी घेतले ते बघ. पेरणी, पोळा, दिवाळी. आपल्या घरात ज्येष्ठापासून दिवाळीपर्यंत रोख पैसा येतच नाही. कापूस रानात, सोयाबीन रानात, रोजगार निंदणी-खुरपणीचा आणि तोही पावसावर. आणि खर्च मात्र सगळे त्याच महिन्यांत. शाळा उघडते, पेरणी होते, साथीचे आजार येतात, सण येतात. या महिन्यांत जो दारात पैसा घेऊन उभा राहतो, आपला हिवाळा त्याचा होतो. मुकादम व्याज लावत नाही असं लोक म्हणतात. त्याला व्याजाची गरजच नाही. हिवाळ्यात गावात जी मजुरी मिळते, कापूस वेचणी, तुरीची काढणी, हरभरा, ज्वारी, ती सगळी आपण आधीच विकून बसलेलो असतो. शिवाय मागं राहिलेलं पोरगं, म्हातारं, जनावर, त्यांचं जे नुकसान होतं ते कुठल्या वहीत येत नाही.

म्हणून आम्ही सुटलो ते त्या पाच महिन्यांचा पैसा दुसरीकडून उभा राहिला तेव्हा. एका झटक्यात सुटलो नाही. आधी मी थांबले. मालक एकटे अर्धा कोयता म्हणून गेले, उचल तीसच हजार घेतली. कमी उचल घेतली म्हणून मुकादम चिडला होता, त्याला आवडत नाही. पण संक्रांतीच्या पुढं-मागं ती फिटली आणि पट्टा पडेपर्यंतचे पैसे रोख हातात आले. आमच्या घरात ऊसतोडीचा रोख पैसा त्या वर्षी पहिल्यांदा आला. मी इकडे कापूस वेचला, किलोवर पैसे मिळतात, हात चालला तर दिवसाला बरं सुटतं. पोरं शाळेत राहिली. गटातून पंचवीस हजार काढले होते, महिना शेकडा रुपयानं. सावकार आमच्याकडे शेकडा पाच घेतो, तो फरक लक्षात घे. त्यातले निम्मे पेरणीत गेले, निम्म्यात दोन उस्मानाबादी शेळ्या घेतल्या. पुढच्या हिवाळ्यात मालकही थांबले.

शेळीबद्दल एक सांगते, कारण इथंच बहुतेक घरं घसरतात. शेळी व्यायला, करडू विकण्याजोगं व्हायला वर्ष लागतं. तोवर घरात पीठ नसलं तर माणूस शेळीच विकणार. विकतात म्हणून नावं ठेवणाऱ्यांनी त्या घरातला भाद्रपद महिना पाहिलेला नसतो. आम्ही गटात ठरवलं होतं की जिनं शेळीसाठी कर्ज घेतलंय तिला आषाढ ते अश्विन घरखर्चाला वेगळं थोडं थोडं कर्ज द्यायचं, आजारपण आलं तर रात्री-अपरात्री गटाच्या पैशांची पेटी उघडायची. त्यामुळे शेळ्या टिकल्या. ज्यांच्याकडे विहिरीला पाणी होतं त्या दोन घरांनी तुती लावून रेशीम केलं, रोजगार हमीतून लागवडीची आणि शेडची मजुरी मिळाली, ते आमच्या पुढे निघून गेले. आमच्याकडे पाणी नाही, म्हणून शेळ्या.

तुझ्या आईचं नाव गटात आहे का? बहुतेक ऊसतोड बायांचं नसतं, कारण सहा महिने गावात नसतात, हप्ता चुकतो, म्हणून गटवाल्या घेत नाहीत. याच्यावर आम्ही भांडून उपाय काढला. बाई फडात असली तरी तिची बचत घरचं माणूस भरतं. तू चाकणवरून फोनवर भर. सहा महिने बचत नीट दिसली की कर्जाला नाव बसतं. हे आज सुरू केलंस तर पुढच्या ज्येष्ठात उपयोगी पडेल.

आणि विमा. जनधन खात्यावर वर्षाला २० रुपये अपघाताचा आणि ४३६ रुपये जीवन ज्योतीचा, दोन्ही दोन-दोन लाखांचे. आई-वडील दोघांचे आजच्या आज कर, जीवन ज्योतीला पन्नाशीच्या आत नाव घालावं लागतं. ट्रॅक्टर उलटून मेलेल्या माणसाची उचल त्याच्या बायकोकडून फेडून घेताना मी पाहिलंय.

---

बालाघाटचा

ताई, आई गटात नाही. तुम्ही सांगितलं तेच कारण. आजच फोन करतो.

जिरायती दादा, पुण्यात आणायचं मीही मनात आणलं होतं. आम्ही एका खोलीत चौघं मुलं राहतो. वेगळी खोली घ्यायची तर डिपॉझिट आणि भाडं धरून माझा पगार तिथंच संपतो, आणि गावाकडे आजी व अडीच एकर रान कुणाच्या भरवशावर टाकायचं? वडील पन्नाशीला आलेत, रात्रपाळीत बारा तास उभं राहायचं काम त्यांना चालेल असं वाटत नाही. बहिणीच्या लग्नाचा खर्च झाला हे खरं, तो मागेच फिटला. मी मांडलेल्या लाखात लग्नाचा एक रुपया नाही.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. मुकादम बाकी घ्यायला तयार नाही, तर तो आई-वडिलांना जबरदस्तीनं नेऊ शकतो का? वडिलांनी एका कोऱ्या बाँडवर अंगठा दिलाय असं आई म्हणते. आणि धाकट्याचं काय करू?

---

वकील, अंबाजोगाई

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो, कारण इथं भीती जास्त आणि माहिती कमी असते.

कुणीही तुमच्या आई-वडिलांना कामावर जबरदस्तीनं नेऊ शकत नाही. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानं उचलीपोटी माणसाला बांधून ठेवणं गुन्हा आहे, आणि असं बंधन सिद्ध झालं तर ते कर्जच कायद्यानं संपतं. १९८२ मध्ये दिल्लीतल्या एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात करावं लागणारं काम हे घटनेच्या कलम २३ मधली सक्तीची मजुरी आहे, मग ती सक्ती पोटाच्या भुकेची का असेना. अर्ज तहसीलदार किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येतो. मुकादमाची माणसं घरी येऊन कुणाला उचलून न्यायला लागली तर तो सरळ फौजदारी गुन्हा आहे, ११२ ला फोन करा.

पण माझा सल्ला, तक्रारीनं सुरुवात करू नका. तुम्हीच लिहिलंय की मुकादमाची मान वर अडकलेली आहे. बाकी बुडवायची नाही, चुकती करायची आहे, हे तुमचं बळ आहे. आधी टनांचा हिशोब मागा. वजनाच्या पावत्या, गाडी नंबर, तारखा. लेखी मागा, एक प्रत स्वतःकडे ठेवा. सत्तावन्न हजार हा आकडा त्याच्या वहीतला आहे, कारखान्याच्या कागदावरून तो कमीही निघू शकतो. अशी प्रकरणं मी हाताळली आहेत, त्यात टनांचा फरक निघालेला आहे. मग गावातल्या चार प्रतिष्ठित माणसांसमोर बसून आकडा ठरवा आणि रक्कम बँकेतून द्या, रोख एक रुपयाही देऊ नका. पावतीवर लिहून घ्या की बाकी शून्य, आणि तो कोरा बाँड त्याच बैठकीत परत घ्या. बाँड हरवला म्हणाला तर तसं त्याच्याकडून लिहून घ्या.

बाकीपोटी त्यानं जमिनीचा काही कागद करून घेतला असेल तर आत्ताच सांगा. तो मुद्दा वेगळा आहे. २०१४ च्या सावकारी कायद्यात बेकायदा सावकारीतून गेलेली जमीन पंधरा वर्षांच्या आतली असेल तर परत मागता येते, त्यासाठी जिल्हा उपनिबंधकांकडे जावं लागतं.

वकिलाच्या फीची काळजी करू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून आईच्या नावानं अर्ज केला तर स्त्री म्हणून तिला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अटही आड येत नाही.

---

झेडपी गुरुजी

धाकट्याचं मी बोलतो. पाटोदा तालुक्यात जिल्हा परिषद शाळेवर आहे. दिवाळीनंतर माझा निम्मा वर्ग रिकामा होतो आणि मार्चमध्ये परत आलेल्या पोराला वाचायला बसवलं तर ते ओशाळतं. त्याला सगळं येत होतं, मध्ये पाच महिने त्यानं फडावरच्या कोपीपुढं, म्हणजे झोपडीपुढं, लहान भावंड सांभाळलेलं असतं.

तुमच्या भावाला नेऊ देऊ नका. त्याच्या शाळेत हंगामी वसतिगृहाची मागणी दिवाळीच्या आधी नोंदवावी लागते. पालक स्थलांतर करणार आहेत हे मुख्याध्यापकांना लेखी द्या. पोरगं आजीकडेच झोपतं, जेवणखाण वसतिगृहातून मिळतं, म्हणजे आजीवरचा स्वयंपाकाचा भार उतरतो. तुमच्या घरची अडचण तीच दिसते. काही ठिकाणी वसतिगृह कागदावरच चालतं हे मी नाकारत नाही, म्हणून तुम्ही गावाला आलात की स्वतः जेवणाच्या वेळी जाऊन बघा. दुसरा पर्याय संत भगवानबाबा वसतिगृह. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीच ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची ही योजना आहे, मुलांचं वेगळं, मुलींचं वेगळं. त्यासाठी आई-वडिलांचं ऊसतोड कामगार म्हणून ओळखपत्र लागेल, ते ग्रामसेवकाकडून घ्या. हे ओळखपत्र नसल्यामुळं पोरं परत गेलेली मी पाहिली आहेत, आणि कागद तर एका दिवसाचं काम असतं.

दहावी झाल्यावर त्याला तुमच्यासारखं आयटीआयला घाला. वस्तीवरचा एक मुलगा पगारावर लागला की मागच्या दहा पोरांना शाळा सोडताना आई-बाप दोनदा विचार करतात, हे तुमच्याच बाबतीत तुमच्या गावातल्या गुरुजींना विचारून बघा.

---

पदव्युत्तर, संभाजीनगर

मी अर्थशास्त्र शिकवते. गटातल्या ताईंनी घरखर्चाच्या वेगळ्या कर्जाबद्दल जे लिहिलंय ते जिरायती दादांच्या शेळ्या विकण्याच्या मुद्द्याला नेमकं उत्तर आहे, म्हणून ही भर.

बांगलादेशात ब्रॅक या संस्थेनं २००२ पासून अत्यंत गरीब घरांसाठी असाच कार्यक्रम चालवला. घराला गाय किंवा शेळ्या द्यायच्या, पण सोबत काही महिने घरखर्चाला थोडी रोख रक्कम, बचतीचं खातं, दवाखान्याला आधार आणि दर आठवड्याला एक माणूस घरी येऊन विचारपूस करणार. मग हाच कार्यक्रम भारतासह सहा देशांत करून पाहिला. काही गरीब घरांना चिठ्ठी टाकून निवडलं, तशाच इतर घरांशी तुलना केली. २०१५ मध्ये त्याचे निकाल प्रसिद्ध झाले. बहुतेक ठिकाणी मदत थांबल्यानंतर वर्षभरानंही घरांची कमाई, जेवण आणि बचत वाढलेलीच होती. पश्चिम बंगालमधल्या घरांकडे त्यानंतर अनेक वर्षांनी परत जाऊन पाहिलं तेव्हा ती आणखी पुढं गेलेली होती. त्यांना मेहनत करायला कुणी शिकवलं नव्हतं. जनावर फळाला येईपर्यंतचे महिने त्यांना कुणाच्या दारात जावं लागलं नाही, एवढा फरक होता.

नुसती शेळी देऊन पाठ फिरवली तर ती विकली जाणारच. त्या अपयशाचा दोष घराच्या माथी मारणं मला अन्यायाचं वाटतं.

---

जिरायती

पदव्युत्तर ताई, गटातल्या ताई, पटलं. आमच्याकडे शेळ्या वाटल्या तेव्हा असं मागून कुणी आलं नव्हतं हे खरंय. बालाघाटच्या भावा, पेरणीला बियाण्याची अडचण असेल तर सांग. माझ्याकडे घरचं सोयाबीन बियाणं असतं, निवडून, उगवण तपासून देईन. काढणी झाल्यावर तेवढंच परत कर.

---

बालाघाटचा

सगळ्यांचे मनापासून आभार. वडिलांशी फोनवर तासभर बोललो. ते आधी ऐकेनात. "मुकादमाशी वाकडं घेऊन गावात राहायचं कसं? उद्या रात्री-बेरात्री पैसा लागला तर तू चाकणवरून येशील का?" असं म्हणाले. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, मग ताईंचं पेटी उघडण्याचं वाचून दाखवलं. आई मागून म्हणाली, मी थांबते.

यंदापुरतं असं ठरतंय. वडील एकटे अर्धा कोयता जातील, नवीन उचल घेणार नाहीत. जुनी बाकी टनांचा कागद पाहून ठरवायची, त्यातली निम्मी मी आणि दाजी बँकेतून भरू, उरलेली वडील तोडणीत फेडतील. आई आजीजवळ थांबेल, भाऊ शाळेत राहील. मुकादम याला हो म्हणेल असं वाटतं, कारण त्याला एक माणूस तरी मिळतं. जमिनीचा कागद केलेला नाही, वडिलांना शपथ घालून विचारलं. वकीलसाहेब, हिशोबाच्या मागणीचा अर्ज कसा लिहायचा तेवढं सांगा. जिरायती दादा, बियाणं नक्की घेईन, अडीच एकरापैकी दीडमध्ये सोयाबीन असतं.

ताई, एकच राहिलं. आमच्या वस्तीवर आईसारख्या आणखी सात-आठ बाया आहेत, एकही गटात नाही. वेगळा गट काढायचा का आहे त्यात शिरायचं?

---

गटातली ताई

वेगळाच काढा. जुन्या गटात शिरलात तर पहिली दोन वर्षं तुमच्या बायांना कर्जाला शेवटचा नंबर देतील. दहा जणी लागतात, सात-आठ आहेत तर शेजारच्या तांड्यावर विचारा. सगळ्या ऊसतोडीच्याच असल्या तर बैठकीचे नियमही तुमच्या सोयीनं करता येतील. हंगामात फोनवरून बचत भरायची, आणि कर्ज काढायचा मोठा महिना ज्येष्ठ ठेवायचा. आमच्याकडे साठलेली बचत दिवाळीला वाटायची पद्धत होती ती आम्ही मोडली, त्यात अर्थ नव्हता. तुमच्या तालुक्याच्या उमेद कार्यालयात जाऊन प्रभाग समन्वयकाला गाठ, वस्तीचं नाव सांग, सीआरपी पाठवा म्हण. आईला सोबत ने, बोलू दे तिलाच. वह्या कशा लिहायच्या ते मी दाखवीन, बैठक ठरली की इथं कळव, धारूरहून यायला मला एसटी आहे.